बिनचुऱ्याच्या शेवया

सरांच्या बोटांना लागलेलं पांढरं म्हणजे खडू की पीठ, हे आमच्या शाळेत कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नसे. सोमवारी बहुधा पीठ असे, शुक्रवारी खडू. मधल्या वारांचं काही खरं नव्हतं. गणिताच्या तासाला फळा पुसता पुसता ते मध्येच थांबत, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून बघत आणि स्वतःशीच पुटपुटत, "अजून बारीक पायजे." समोरच्या मुलांना वाटे, अपूर्णांकाबद्दल चाललं आहे. ती बिचारी आणखी बारीक भाग करायला बसत.

मी तेव्हा इचोड्याच्या मराठी शाळेत नवीन लागले होते. आदिलाबाद शहरात वाढलेली, वडील वीज खात्यात, आईच्या हातचं आयतं खाऊन आलेली चोवीस वर्षांची मुलगी. तेलंगण व्हायच्या आधीचा, आंध्र प्रदेशाचा काळ. कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि घरात मराठी अशी आमची कसरत चाले. खोली मिळाली ती सरांच्या घरामागच्या गल्लीत. पहिल्याच रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर सर उभे. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत पांढरे.

"मॅडम, तुमचं वजन किती हाय?"

मी दार लावूनच घेणार होते. तेवढ्यात त्यांच्याही लक्षात आलं असावं.

"तसं नाई जी. काम हाय. साच्यावर बसाचं हाय."

तो साचा पाहिल्याशिवाय सर कळणं शक्य नव्हतं. आपल्याकडे शेवयांचा साचा म्हणजे हातात मावणारी वस्तू. सरांचा साचा पडवीत मावत नव्हता. सागवानाचा जाडजूड पाट, त्याच्या मधोमध पोकळ नळी, नळीच्या तळाशी बारीक भोकांची पितळी चकती, आणि वर माणसाएवढी लांब एक दांडी. एका टोकाला ती खुंटीला अडकवलेली, दुसरं टोक मोकळं. नळीत तांदळाच्या उकडीचा गरम गोळा घालायचा आणि मोकळ्या टोकावर चक्क बसायचं. बसणाऱ्याच्या वजनाने खालच्या ताटलीत शेवया उतरत. हे यंत्र त्यांनी स्वतः आखून सुताराकडून करून घेतलं होतं. सुताराने आयुष्यात पलंग आणि बंड्या, म्हणजे बैलगाड्या, केल्या होत्या, त्यामुळे साच्याच्या अंगात थोडा पलंग आणि थोडी बंडी उतरली होती.

मी बसले. दांडी जराशी कुरकुरली, भोकांतून अर्धा इंच शेवई बाहेर आली आणि तिथेच लटकत राहिली.

"नामंजूर," सर म्हणाले. "तुमी ताटली फिरवा."

शिक्षक होण्याआधी सहा-सात वर्षं सर तहसील कचेरीत कारकून होते. तिथली नोकरी सुटली, पण भाषा सुटली नाही. गणित बरोबर आलं की वहीवर "मंजूर", चुकलं की "नामंजूर". भाजी घ्यायला जात नसत, भाजीचा "मुआयना", म्हणजे सरकारी तपासणी, करायला जात. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विषय काढलाच तर गंभीर चेहऱ्याने सांगत, "दरखास्त पेंडिंग हाय." पन्नाशी उलटली तरी ती पेंडिंगच होती.

साच्यावर बसण्याचा खरा मान आमच्या हेडमास्तरांचा. ते तेलुगू, अंगाने भरभक्कम, मनाने त्याहून. रविवारी सकाळी आठला ते स्कूटरवरून येत, "क्या सार, पिंडी तय्यार?" म्हणजे पीठ तयार का, असं विचारत आणि एखाद्या समारंभाला बसावं तसे दांडीवर बसत. शेवया सरसर उतरत. सरांचा एक कायदा होता: ज्याच्या वजनाने उतरल्या, पहिली ताटली त्याची. मग कलेक्टर येवो की कोणी येवो. हेडमास्तर ती ताटली मांडीवर घेऊन मोहरी-मिरचीची फोडणी, वर शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू असा थाट करून खात आणि दर घासाला "चाला बागुंदि" म्हणत. खूप छान, खूप छान. मी ताटली फिरवणारी, माझा नंबर दुसरा. घरी आईला मी पत्रात लिहीत असे की रविवारी सरांकडे खाते. कोणते सर, ते लिहीत नसे. सर बौद्ध होते, आणि आमच्या घरात अशा गोष्टींबद्दल कोणी वाईट बोलत नसलं तरी कोणी चांगलंही बोलत नसे. ही लपवाछपवी मी केली, हे आज कबूल करते.

ही विद्या सर शिकले रस्त्यावर. इचोड्याचा जीव तो काय, हैदराबाद-नागपूर रस्ता. ट्रक, धाबे, टायरवाले. मी यायच्या काही वर्षं आधी एका तमिळ ड्रायव्हरचा ट्रक ॲक्सल तुटून धाब्यापाशी चार दिवस पडून होता. धाब्याची तंदुरी रोटी त्याच्या घशाखाली उतरेना. मग त्याने ट्रकच्या सावलीत तीन विटा मांडल्या, पितळेचा हातसाचा काढला आणि उकडीचे गोळे पाण्यात शिजवून तांदळाच्या शेवया पाडायला सुरुवात केली. शाळेतून परतणारे सर तिथे जे थबकले ते चार दिवस हललेच नाहीत. ड्रायव्हरला मराठी येईना, सरांना तमिळ येईना. हिंदी दोघांचीही अशी की ती बोलण्यापेक्षा हातवारे बरे. तरी सरांनी पाण्याचं माप, मिठाचं माप, उकड किती मळायची हे सगळं वहीत उतरवून घेतलं. निघताना ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा सरांनी त्याला सांगितलं म्हणे, "तुमचं काम मंजूर हाय." त्याला काय कळलं असेल ते असो.

तांदूळ मात्र कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा. आमचा मुलूख ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. भात सणासुदीला नाहीतर पाहुणा आला तर. पण सरकारचा स्वस्त तांदूळ सुरू झाला आणि कंट्रोलच्या दुकानातून घराघरात तो जाड, पिवळट तांदूळ येऊन पडला. बायका नाकं मुरडत, वासाच्या तक्रारी करत. सर उलट दुकानदाराला म्हणत, "सगळ्यात जुना कोनता हाय, थो द्या." दुकानदाराला वाटे, हा माणूस आपल्यावर केस करण्यासाठी पुरावा गोळा करतोय. पण सरांचा हिशेब सरळ होता. नवा तांदूळ चिकट, त्याच्या शेवया एकमेकींना धरून बसतात. जुन्याची शेवई सुटी उतरते. आणि उकड पाण्यातून काढल्यावर शंभर आकडे मोजायच्या आत साच्यात गेली पाहिजे. सर मोठ्याने मोजत. ऐंशीच्या पुढे त्यांचा आवाज चढे आणि आम्ही सगळे घाबरत.

कारण शंभरच्या पुढे गेली की शेवई तुटते. आणि शेवई तुटलेली सरांना खपत नसे. ताटलीत एक बोटभर तुकडा दिसला तरी ते अख्खी ताटली नामंजूर करत. "चुरा पडला. चुरा पडाले नाई पायजे." हेडमास्तर म्हणत, "अरे सार, पेट में जाके तो टूटनाच है ना!" पण सर ऐकत नसत. मला सुरुवातीला वाटलं, गणिताचा माणूस, नेमकेपणाचा सोस असेल. पुढे कळलं, हे सगळं त्यांच्या आईसाठी चाललं होतं.

सरांची आई घरात असायची, पण ती आहे हे कळायला मला दोन रविवार लागले. एवढीशी म्हातारी. नऊवारी लुगडं, दात एकही नाही, डोळे मात्र लख्ख. सर तिला माय म्हणत, मी आजी म्हणू लागले. भाकरी तिला चावत नसे, कुस्करून दिली तरी चार घास. भाताला ती जेवणच मानत नसे. "भातानं काय पोट भरते?" असं म्हणून पातेलं सरकवून द्यायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरने सरांना सरळ सांगितलं होतं की ही खात नाही, दुसरं काही दुखणं नाही. मऊ शेवई तिच्या घशाखाली उतरत होती, हा सरांना लागलेला एकमेव शोध. पण त्यातही मेख होती. ती फक्त चुरा खायची.

ताटली तिच्यापुढे ठेवली की ती हात मागे घ्यायची. "तुमी खा. मले चुरा दे." सगळ्यांचं झाल्यावर ताटल्यांच्या तळाशी जे तुकडे उरत, ते गोळा करून गुळाच्या पाण्यात कालवून खायची. तेही कोपऱ्यात, पाठ करून. मूठभर चुऱ्यावर माणूस किती दिवस जगणार?

म्हणून सरांनी बिनचुऱ्याच्या शेवयांचा ध्यास घेतला होता. चुराच पडला नाही तर मायला ताटलीतलंच खावं लागेल, असं त्यांचं गणित. मला एकदा ताटली धुता धुता म्हणाले, "मॅडम, मायनं एक डाव, फकत एक डाव भरल्या ताटलीतून खावं. बस. मंग हा साचा मोडून चुलीत घालतो." मला त्या माणसाची माया आली. पन्नाशीचा मास्तर, आईने एक ताटली खावी म्हणून कंट्रोलच्या तांदळाशी झुंजतोय.

गंमत म्हणजे म्हातारीही काही कमी नव्हती. एकदा एकही तुकडा पडला नाही. सरांनी पाच ताटल्यांचा मुआयना केला, विजयी मुद्रेने हात धुवायला आत गेले. मी वळून पाहिलं तर आजीने शेवटच्या ताटलीतली मूठभर शेवई उचलली होती आणि पदराआड शांतपणे कुस्करत होती. माझी नजर मिळताच बोळक्या तोंडाने हसली आणि ओठांवर बोट ठेवलं. मी सरांना सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाची लहर, असं मी समजले.

उरलेल्या शेवया सर अंगणात बाजेवर वाळत घालत. पांढरं धोतर अंथरून त्यावर शेवयांची वेटोळी. आणि इथे त्यांचा दुसरा विचित्रपणा. राखण करायची नाही. चिमण्या, कावळे, खारी, शेजारच्या कोंबड्या, ज्याला जे पाहिजे ते त्याने न्यावं. कोणी हाकलायला हात उचलला तर सर ओरडत, "राहू द्या! त्याइचा हिस्सा हाय." संध्याकाळपर्यंत अर्धं धोतर रिकामं होई. एवढ्या मेहनतीचं असं मातेरं होताना पाहून माझा जीव तुटे. आमच्या घरी शेवया म्हणजे उन्हाळ्याची ठेव. कावळा शिवला तर आई तेवढा भाग काढून टाकायची.

एका रविवारी सर दळण आणायला गिरणीत गेले. हेडमास्तर खाऊन निघून गेले होते. कावळ्यांचं एक टोळकं बाजेकडे बघत भिंतीवर बसलं होतं. मला दारावर आलेल्या केरोसीनच्या गाडीकडे जायचं होतं. आजी उंबऱ्याशी बसली होती. मी अगदी सहज म्हणाले, "आजी, जरा शेवयांकडे लक्ष ठेवता का? कावळे येतात."

आजी अशी उठली की मी पाहतच राहिले. चालायला दाराचा आधार घेणारी म्हातारी तुरतुर गेली, कोपऱ्यातली तुरीची काडी उचलली आणि बाजेपासून चांगली चार हात लांब, उन्हात जाऊन बसली. मी रॉकेल घेऊन परत आले तर राखण फक्कड चालली होती. हूश नाही, हाड नाही. काडी जमिनीवर नुसती एकदा आपटायची, कावळा परत भिंतीवर. थोड्या वेळाने ती उठून बाजेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. मला वाटलं, उन्हाची ऊब शोधत असेल. मी तिथेच उभी राहून कौतुकाने बघत होते. "वा आजी, तुम्ही तर पटाईत!" असंही म्हणाले.

तेवढ्यात सर आले. सायकलवर पिठाचा डबा होता. त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या काडीकडे पाहिलं. सायकल भिंतीला लावली. आईजवळ जाऊन तिच्या हातातून काडी काढून घेतली आणि तिला दंडाला धरून सावलीत आणून बसवलं.

"कोनं बसवलं तुले?"

"मास्तरीनबाईनं सांगतलं. काऊन? चांगली राखून राह्यली नं मी," आजी म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मॅडम, आज राहू द्या. घरी जा तुमी."

पुढचे दोन रविवार दारावर थाप पडली नाही. शाळेत सर हजेरीपुरतं बोलत. माझं काय चुकलं ते मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. त्यात हेडमास्तरांची बदली इंद्रवेल्लीला झाली. निरोपाच्या हारासकट ते स्कूटरवर बसून गेले, आणि साच्यावर बसायला कोणी उरलं नाही.

शेवटी एका बुधवारी मी शाळा सुटल्यावर सरांच्या घरी गेले. सर आले नव्हते. आजी पडवीत बसली होती, मला पाहून हरखली. जवळ बसवून घेतलं. मी विचारलं, "आजी, त्या दिवशी सर का रागावले हो?"

"थो येडा हाय," आजी म्हणाली. "त्याले वाटते, मले लय दुख हाय. अवं, लहानपनी मालकाच्या अंगनात माहं हेच काम व्हतं. बाया शेवया करत, बाजेवर टाकत. मी राखत बसो. माह्या राखनीत एक काडी नाई गेली कावळ्याच्या तोंडात." तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "फकत सावली पडू द्याची नाई. महाराची सावली पडली तं शेवया बाटते, म्हनत. म्हून उन्हात बसाचं. सूर्य सरकला का आपून सरकाचं. सकायी इकून, दुपारून तिकून."

मला त्या दिवशीची आजी आठवली, बाजेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारी. ऊब शोधत नव्हती ती.

"मग खायला?" मी विचारलं.

"देत नं. बाज झटकली का चुरा पडे. थो वरून पदरात टाकत. गोड लागे, माय! घरी आनून गुळाच्या पान्यात टाको. अख्खी शेवई कशी लागते, मले का मालूम? थे आपली नोयच."

ती हसत होती. मी हसू शकले नाही. माझं आजोळ तलमडुगूकडचं. सुट्टीत गेलं की तिथेही अंगणात शेवयांच्या बाजा असत आणि दूर उन्हात काठी घेऊन कोणीतरी बाई बसलेली असे. मी तिला कधी नावाने ओळखलं नाही. ती हीच होती असं मी म्हणत नाही, ते गाव वेगळं. पण कावळे आले की तिला हाक मारायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मला ते आपोआप येत होतं. आजीला शेवया राखायला सांगताना माझ्या तोंडून निघालेलं वाक्य माझ्या आजोळचं होतं. मला माझीच शरम वाटली. इतकी की तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांपुढे उभी राहिले आणि माफी मागितली. ते पेटीत खडू भरत होते.

"तुमी काई वाईट बोलल्या नाई, मॅडम," ते म्हणाले. "कोनीच वाईट बोलत नाई. तरी काठी बरोबर तिच्याच हातात जाते."

मग खडूची पेटी बंद करून म्हणाले, "रविवारी या. हेडमास्तर नाई. साचा चालनार नाई, पन या."

मी गेले. सरांनी उकड केली होती. गोळे पाण्यात तरंगत होते. सरांनी स्वतः बसून बघितलं, पण ते बसले की नळीत गोळा भरायला आणि साचा दाबून धरायला कोणी नाही. मी धरू लागले तर पाटासकट मीच सरकले. मग मी बसले. पुन्हा तोच अर्धा इंच. सर आकडे मोजत होते. साठ. पासष्ट. आजी उंबऱ्यातून बघत होती.

मला जे सुचलं ते मी बोलले. त्यात काही मोठा विचार नव्हता, गोळा थंड होत होता एवढंच.

"आजी, माझं वजन पुरत नाही. तुम्ही या. माझ्याजवळ बसा."

"मी? साच्यावर?" आजी मागे सरकली. "नोको वं. शेवया आहेत थ्या."

"सत्तर," सर म्हणाले. आवाज चढला होता, पण नेहमीसारखा नाही.

"आजी, तुटतील हो! चुरा पडेल सगळा!"

चुऱ्याचं नाव मी घ्यायला नको होतं असं मला लगेच वाटलं. चुरा तर तिला हवाच होता. पण ती उठली. कदाचित माझा रडवेला चेहरा पाहून उठली असेल. येऊन दांडीवर माझ्या शेजारी टेकली. अर्धवट, उठून पळायच्या तयारीने. मी तिच्या कमरेला हात घातला आणि आम्ही दोघींनी अंग टाकलं. आमचं दोघींचं मिळून कसंबसं एका माणसाचं वजन झालं. दांडी कुरकुरली, मग खाली जाऊ लागली, आणि शेवया उतरल्या. पांढऱ्या, लांब, सलग. सर मोजायचं विसरले. गुडघ्यांवर बसून ताटली फिरवत राहिले. आजी वाकून खाली बघत होती. "माय वं," एवढंच म्हणाली.

ताटली भरली. सर ती घेऊन उठले आणि आमच्यापुढे आणून ठेवली.

"कायदा हाय, माय. ज्याच्या वजनानं उतरल्या, पयली ताटली त्याची."

"मंग मास्तरीनबाईले दे."

"एकटीचं वजन कुठं व्हतं तिचं? दोघीइचं व्हतं. दोघीइची ताटली."

एक ताटली, दोन हात. इथे मला खरं सांगितलं पाहिजे. माझा हात क्षणभर थांबला. सरांकडे मी कित्येक रविवार खाल्लं होतं, पण माझ्या वेगळ्या ताटलीत. एका ताटलीत आमच्या घरचं कोणी कधी जेवलं नव्हतं. तो क्षण सरांनी पाहिला की नाही मला माहीत नाही. आजीने पाहिला. तिला असे क्षण लांबून ओळखू येत असणार. ती हात मागे घेऊ लागली, तसा मी तिचा हात धरला, ताटलीत नेला, आणि त्याच ताटलीतली शेवई उचलून माझ्या तोंडात घातली.

"आता तुम्ही."

आजीने एक शेवई दोन बोटांत धरून वर उचलली. ती उचलतच गेली, शेवई संपेचना. हात डोक्यावर गेला तरी दुसरं टोक ताटलीतच. ती हसायला लागली, मग मीही. तिने तोंड वर करून ती खाल्ली. मग दुसरी. मग आम्ही दोघींनी मिळून ती ताटली खाल्ली. गुळाचं पाणी लागलं नाही, फोडणी लागली नाही. सर भिंतीला टेकून उभे होते, पुढचे गोळे पाण्यात फुटून चालले होते, आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

तोंडात घास असतानाच आजीने विचारलं, "आता मोडतो का साचा? चुलीत घालतो?"

"नामंजूर," सर म्हणाले.

ताटलीच्या तळाशी थोडा चुरा राहिलाच होता. आजीने तो बोटांनी गोळा करून मुठीत घेतला. सरांचा चेहरा उतरला. वाटलं, एवढं होऊन म्हातारी शेवटी सवयीवर गेली. ती मूठ मिटून उठली, अंगणात गेली. भिंतीवर कावळे बसले होते. तिने मूठ उघडून चुरा त्यांच्यापुढे फेकला.

"घ्या रे," ती म्हणाली. "हे तुमचं."

सरांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले. गालांवर पांढरे पट्टे उठले. रविवार होता. ते पीठच होतं, खडू नव्हता, एवढं मी आज छातीठोकपणे सांगू शकते.